अद्रकीच्या एकतीस जातींची निरवानिरव

मी, खुशालराव नामदेवराव ढोमणे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त क्षेत्र सहायक, हल्ली धंदा शेती, राहणार मौजे पिंपळखुटा, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझे डोके ठिकाणावर आहे, छातीचे तसे नाही. येत्या २१ मे रोजी अमरावतीच्या दवाखान्यात माझे बायपासचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, काही टेन्शन घेऊ नका." हे ते ज्या चेहऱ्याने म्हणाले तो पाहून मी घरी पोचताच वकीलसाहेबांना फोन लावला.

वकीलसाहेबांनी एक छापील नमुना पाठवला. त्यात स्थावर, जंगम, दागिने आणि बँक असे चार रकाने होते. माझी जी खरी मिळकत आहे ती या चारांपैकी कशातच बसत नाही. म्हणून नमुना बाजूला ठेवून माझ्या पद्धतीने लिहितो आहे. कायद्याच्या भाषेत कुठे कमीजास्त झाले असेल तर वाचणाऱ्याने अर्थ धरावा.

कलम १. माझे राहते घर, त्यातील सर्व सामान आणि माझ्या नावावरची बँकेतील ठेव माझी पत्नी सौ. सुभद्रा हिला द्यावी. मी अकोल्याला नोकरीत असताना नऊ वर्षे अद्रकीच्या ओळी तिने एकटीने सांभाळल्या. मी शनिवारी यायचो, ओळींवरच्या नंबरांच्या पाट्या वाचायचो, चुका काढायचो आणि रविवारी परत जायचो. या नऊ वर्षांबद्दल मी तिला कधी चांगला शब्द बोललो नाही, तो येथे बोलतो. सुभद्रे, तू माझ्यापेक्षा चांगले सांभाळलेस.

कलम २. गट क्रमांक ११७ मधील संत्र्याची बाग चिरंजीव नितेश याला द्यावी. नितेश अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो आणि बागेत आला की मोबाइलला रेंज शोधत फिरतो. बाग त्याने बटाईने, अर्ध्या वाट्यावर द्यावी, माझी हरकत नाही. अट एकच. उत्तरेकडच्या सहा ओळींतील संत्र्याची झाडे तोडू नयेत, कारण त्यांच्या सावलीत अद्रक आहे. झाडे म्हातारी झाली, फळ धरत नाही, असे कोणी सांगेल. ती फळासाठी ठेवलेली नाहीत.

नितेशने मला दिवाळीत विचारले होते, "बाबा, बियाण्याच्या बँका असतात नं आता. तिथं देऊन टाका. तुमच्या डोक्याचा ताप जाईन." मी त्याच्यावर ओरडलो आणि उत्तर दिले नाही. उत्तर असे आहे की अद्रकीला बी धरत नाही. फूल क्वचित येते, पण त्यातून दाणा मिळत नाही. गड्ड्याचे बोट मोडायचे आणि तेच लावायचे. त्यामुळे ज्वारीसारखे डब्यात भरून, झाकण लावून, दहा वर्षांनी पाहू असे अद्रकीचे होत नाही. ती दरवर्षी कोणाच्या तरी हाताने जमिनीत जावी लागते. एक पावसाळा चुकला की ती जात संपते आणि मग कितीही शिकलेला माणूस आला तरी ती परत करून देऊ शकत नाही. हे मी तेव्हा शांतपणे सांगायला हवे होते.

कलम ३. माझ्या घरामागच्या टिनाच्या छपरीत एक खड्डा आहे. त्यात कोरडी वाळू आणि कडुलिंबाचा पाला घालून अद्रकीच्या एकतीस जातींचे बेणे ठेवले आहे. प्रत्येक जात वेगळ्या पिशवीत, पिशवीत ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टीवर ठोकलेला नंबर. चिखलदऱ्याच्या वरच्या वाड्यांतून आणलेल्या नऊ आहेत. एक कौंडण्यपूरच्या यात्रेत एका म्हातारीच्या टोपलीत दिसली होती. ती ओली होती, बेण्याच्या कामाची नव्हती, म्हणून माघात तिच्या गावी जाऊन पिकलेली आणली. कोणाला धागा कमी आहे, कोणाला तेल जास्त. बाजारातल्या माणसाला या सगळ्या चहात टाकायच्या अद्रकी वाटतील. पण नवी जात काढणाऱ्याला निवडायला समोर काहीतरी वेगळे असावे लागते. सगळ्या शेतांत एकच अद्रक असेल आणि तिला कंदकूज लागली तर तो निवडणार कशातून?

या एकतीस जाती डॉ. प्रणाली तायडे यांना द्याव्यात. अकोल्याकडच्या ज्या संशोधन केंद्रात मी नोकरी केली, तिथेच त्या आहेत. केंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढील कलमात चोरीची गोष्ट आहे. नंबर ठोकायचे लोखंडी ठसे आणि माझे भिंगही त्यांनाच द्यावे.

कलम ४. या जाती कायद्याने माझ्या आहेत की नाहीत याची मला खात्री नाही. वकीलसाहेबांना विचारले, तर ते हसले आणि म्हणाले, "अद्रकीवर कोण दावा लावणार?" मला हसू आले नाही. सन २००३ साली केंद्रातील अद्रकीची योजना बंद झाली. तेव्हाच्या प्रमुख साहेबांनी मला बोलावून सांगितले की तो प्लॉट उपटून टाका, तिथे शेड बांधायची आहे. मी उपटला. टाकला नाही. अडतीस जाती कांद्याच्या पोत्यांत भरून एसटीने आणल्या. कंडक्टरने विचारले, "काय हाये यात?" मी म्हणालो, "अद्रक." तो म्हणाला, "एवढी? घरी लग्न हाये का?" मी हो म्हणालो. सरकारी माल नेल्याचा दोष माझा एकट्याचा आहे, सुभद्रेचा नाही. तिला मी त्या दिवशी सांगितले होते की साहेबांनी बक्षीस दिले.

कलम ५. हे कलम माझे मोठे बंधू देवराव नामदेवराव ढोमणे यांच्यासाठी आहे. ते शेजारच्या घरात राहतात. आमची भिंत एकच आहे आणि गेली बारा वर्षे आम्ही पाऊसपाणी सोडून दुसऱ्या विषयावर बोललेलो नाही.

आमच्या घरात सुतकात बियाण्याला हात लावत नाहीत. बियाण्यालाही सुतक लागते अशी समजूत आहे. ९ जून २०१३ रोजी आमची माय गेली. त्या साली मृग लागताच जोराचा पाऊस झाला आणि खड्ड्याला ओल आली. मी चौथ्या दिवशी देवरावभाऊंना म्हणालो की खड्डा उघडू द्या, बेणे वर काढून पसरतो, लावत नाही. त्यांनी छपरीला कुलूप लावले आणि सर्वांसमोर म्हणाले, "माय गेली अन् तुले अद्रक दिसून राहिली?" तेरावा झाल्यावर कुलूप निघाले. सात जाती सडून पाणी झाल्या होत्या. त्यांचे नंबर ३, ८, ११, १९, २२, ३० आणि ३७. मला ते पाठ आहेत.

भाऊ, मला मायही दिसत होती. तुमच्याइतकीच दिसत होती.

आता माझी काळजी अशी. त्या सालापासून मी रोहिणीच्या शेवटी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाआधी लावणी करतो. २१ तारखेला मी टेबलावरच गेलो तर तेरावा २ जूनला येतो, तेवढे निभते. पण दहा दिवस आयसीयूत काढून ३१ ला गेलो तर तेरावा १२ जूनला येतो, तोवर मृग लागून गेलेला असतो. म्हणजे जायचेच असेल तर टेबलावर गेलेले बेण्याच्या सोयीचे, पण हे आपल्या हातात नाही. म्हणून लिहून ठेवतो की माझ्या अद्रकीला माझे सुतक लावू नये. मला अग्नी दिल्यावर कोणीही, अंघोळ करून किंवा न करता, खड्डा उघडावा. मला लागणारा दोष मी वर जाऊन पाहून घेईन.

कलम ६. शेजारी शालिकराम गावंडे यांनी कोरोनाच्या वर्षी काढ्यासाठी अद्रक मागितली आणि सुभद्रेने, मी बाहेर असताना, नऊ नंबरची अर्धी पिशवी दिली. नऊ नंबर त्यामुळे चार बोटांवर आला. तो परत वाढवायला मला तीन वर्षे लागली. शालिकराम तब्येतीने ठणठणीत राहिले याचा आनंद आहे. माझ्या माघारी त्यांना काढा लागला तर त्यांनी मोर्शीच्या बाजारातून अद्रक आणावी. माझी कुदळ आणि दोन्ही खुरप्या मात्र त्यांना द्याव्यात, कारण ते हत्यार जपून वापरतात.

कलम ७. हे कलम लिहायला मी तीन दिवस लावले. पाटीवर खोटा नंबर असणे म्हणजे काय हे माझ्या धंद्यातल्या माणसाला समजेल. पस्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या पाट्या तपासल्या.

केंद्रात असताना आम्ही सलग तीन वर्षे सगळ्या अडतीस जाती पाणी साचणाऱ्या, रोगट जागेत लावल्या होत्या. बाकी सगळ्यांना कंदकूज लागली. चौदा नंबर उभी राहिली. रजिस्टरमध्ये ती नोंद माझ्या अक्षरात आहे. सन २०१९ मध्ये प्रणाली मॅडमना ते रजिस्टर सापडले आणि त्या पत्ता काढत माझ्या दारात आल्या. मी त्यांना सगळ्या जातींची दोन-दोन बोटे दिली. त्यांनी चौदा नंबर वाढवली. केंद्राच्या नव्या शेतात पाण्याचा निचरा चांगला आहे, तिथे रोग आलाच नाही, म्हणून तिची परीक्षाही पुन्हा झाली नाही. जुन्या नोंदीच्या भरवशावर येत्या जूनच्या पहिल्या आठवड्यात ती चाळीस शेतकऱ्यांना वाटायची आहे.

मायच्या तेराव्यानंतर मी खड्डा उघडला तेव्हा चौदा आणि सव्वीस या दोन पिशव्यांतल्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता. तेव्हा मी कागदी चिठ्ठ्या वापरत होतो. दोन्ही अद्रकी बारीक बोटांच्या, दोन्ही कापल्यावर आत निळसर कडे. फरक फक्त वासाचा. चौदाचा वास तिखट. मी एकेक बोट मोडून हुंगले आणि एका ढिगाला चौदा म्हणालो. पण तेरा दिवस रडून माझे नाक चोंदलेले होते. मला वास येत नव्हता. येतो आहे असे मी ठरवले, नंबर लावले आणि कोणालाही सांगितले नाही.

पुढच्या वर्षी हुंगून पाहता आले असते. पाहिले नाही. भीती वाटली. आता तर बिडीमुळे नाकाचा तसाही भरवसा राहिला नाही. कधी वाटते की खरी चौदा नंबर सडलेल्या पिशव्यांतच गेली असेल आणि हे दोन्ही ढीग भलतेच असतील. मग स्वतःला समजावतो की जी सडत नाही ती सडेल कशी. एवढ्याच आधारावर मी बारा वर्षे काढली.

दोन वर्षांपूर्वी प्रणाली मॅडमचा फोन आला होता. रजिस्टरात चिकटवलेल्या चौदा नंबरच्या जुन्या वाळक्या पानाचा डीएनए आणि आताच्या चौदाचा डीएनए जुळत नव्हता. त्या म्हणाल्या, "काका, माझ्याच हातून नमुने बदलले वाटते." मी म्हणालो, "होते कधी कधी." माझ्या आयुष्यात मी बोललेले सर्वांत वाईट वाक्य हे आहे. केंद्राच्या आताच्या साहेबांसमोर त्यांनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. प्रणाली मॅडम, चूक तुमच्या हातची नव्हती, माझ्या नाकाची आणि माझ्या तोंडाची होती.

कलम ८. वरील कलमे लिहून झाल्यावर १५ मे रोजी सकाळी मी ती सुभद्रेला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. सगळे ऐकल्यावर तिने विचारले, "हे लोकं तुमी मेल्यावर वाचतीन नं?"

मी म्हणालो, "हो. मृत्युपत्र म्हणजे तेच."

"अन् नाही मेले तं?"

मी कागद खाली ठेवला. ती म्हणाली, "तुमी जगले तं त्या चाळीस लोकायच्या वावरात अद्रक सडन, अन् तुमी इथं पलंगावर दवाई खात बसान. मंग त्या पोरीनं का तुमच्या मरायची वाट पाहाची?"

मी पस्तीस वर्षे नोकरी केली, पण इतके साधे मला दिसले नव्हते. माझी कबुली मी मेलो तरच खरी ठरत होती. मी त्याच बैठकीत प्रणाली मॅडमना फोन लावला आणि कलम ७ शब्दशः वाचून दाखवले.

मग त्या म्हणाल्या, "काका, दोन वर्षं मी स्वतःले दोष देऊन राहिली. तीनदा टेस्ट केली मी."

मी म्हणालो, "माहीत आहे."

"माहीत आहे नका म्हणू." मग त्यांनी विचारले, "सव्वीस नंबर आहे तुमच्याजवळ?"

"आहे. तुमच्याकडे?"

"नाही. जागा कमी पडली तेव्हा काढून टाकला. उतारा कमी होता त्याचा."

म्हणजे ती सव्वीसच खरी चौदा असेल तर जगात फक्त माझ्या छपरीत आहे, हे आम्हा दोघांना एकाच वेळी समजले. सुतकात आता ती एक पिशवी सडली तर सगळेच संपले. मॅडम म्हणाल्या, "वाटप थांबवा म्हणून मी आजच साहेबांना लिहिते. कारण काय लिहू?" मी म्हणालो, "खुशालराव ढोमणेचे नाक चोंदले होते आणि त्याने ते लपवले, असे लिहा." त्या हसल्या नाहीत.

फोन ठेवल्यावर सुभद्रा म्हणाली, "कावून रोहिणीची वाट पाहून राहिले? बागेले पाणी देतोच नं आपण? जायच्या आधी लावून टाका." मी उन्हाचे सांगितले, कोंब करपतील म्हणालो. ती म्हणाली, "सावली हाये, पालापाचोळा हाये, मी हाओ."

कलम ९. आज १८ मे रोजी लावणी झाली, ती येथे नोंदवून ठेवतो. प्रणाली मॅडम सकाळच्या गाडीने आल्या. रागावलेल्याच होत्या. काम संपेपर्यंत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. खड्ड्याच्या फळ्या काढायला मी वाकलो तसे सुभद्रेने मला खुर्चीवर बसवले. फळ्या काढायला माणूस हवा होता. शालिकराम आले, आणि त्यांच्या मागे, न बोलावता, धोतर खोचून देवरावभाऊ आले. त्यांनी पहिली फळी उचलली.

एकतीसच्या एकतीस पिशव्या बऱ्या निघाल्या. सर्व जाती सहा ओळींत लावल्या. चौदा आणि सव्वीसची पाच-पाच बोटे मात्र नाल्याकडच्या खोलगट कोपऱ्यात शेजारी शेजारी लावली आहेत. तिथे दर पावसाळ्यात पाणी साचते आणि काही लावले तरी सडते. मॅडमनी दोन्हींचे कोवळे कोंब तपासणीसाठी बर्फात घालून नेले आहेत. त्याचा कागद येईल तेव्हा येईल. जमिनीतला निकाल भाद्रपदात लागेल. दोन्हींतली एक उभी राहील, किंवा दोन्ही सडतील. दोन्ही सडल्या तर खरी चौदा नंबर माझ्या हातून बारा वर्षांपूर्वीच गेली असे समजावे आणि रजिस्टरात तसे लिहावे. मला त्या कोपऱ्याकडे पाहायची हिंमत होत नाही आणि पाहिल्याशिवाय राहवतही नाही.

कोपरा नाल्याला लागून आहे. यंदा नाल्याचे पाणी जास्त आले तर कोणीतरी रोज जाऊन पाट्या जागेवर आहेत ना ते पाहावे. रोज म्हणजे रोज. नितेशला हे काम सांगितले, तो हो म्हणाला आणि त्याने मोबाइलमध्ये आठवण लावली. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला नाही, पण थोडा बसला.

जाताना प्रणाली मॅडम म्हणाल्या, "काका, भाद्रपदात मी येईन. तुम्ही असा म्हणजे झालं. मला पाट्या कोण दाखवणार?" वरील आठ कलमे लिहिताना मी मरणाची तयारी करत होतो. आता सही करायच्या वेळी खरे ते लिहितो. मला मरायचे नाही. भाद्रपदापर्यंत तरी नाही. मला तो कोपरा पाहायचा आहे.

हे मृत्युपत्र मी वाचले, दोन्ही साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवले, आणि त्यांच्यादेखत त्यावर सही करतो. लावणीनंतर हात नीट धुतले गेले नाहीत, त्यामुळे शेवटच्या पानावर मातीचा डाग पडला आहे. ती खाडाखोड समजू नये.

स्थळ : मौजे पिंपळखुटा, ता. मोर्शी
दिनांक : १८ मे २०२५

(सही) खुशालराव नामदेवराव ढोमणे

साक्षीदार :

१. (सही) शालिकराम महादेवराव गावंडे, रा. पिंपळखुटा. कुदळ व खुरप्यांची अपेक्षा नाही, काढ्याची गोष्ट मान्य.

२. (सही) देवराव नामदेवराव ढोमणे, रा. पिंपळखुटा. आयकलं. पाचव्या कलमातलं कुलपाचं खरं हाये. बाकीचं तू दवाखान्यातून वापस आला की भांडू.